एक घर डावीकडे

“संडास,” पेटीतली बाई म्हणाली.

काकूंनी शिलाई मशीन थांबवले, ओठांत धरलेली टाचणी उशीत खोचली आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. “आत्ताच तर जाऊन आलात की हो,” असे म्हणत त्यांनी खुर्चीतल्या काकांच्या काखेत हात घातला. काकांनी मान झटकली, डाव्या हाताने त्यांना ढकलले आणि समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा बोट टेकवले.

“थंडी वाजते,” पेटीतली बाई म्हणाली.

घामाने काकांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“अहो, थंडी कसली? खिडकी उघडू का?”

काकांनी डोळे वटारले. बोट उचलले, नेम धरला, श्वास रोखला. बोट हळूच काचेवर आले.

“जेवण,” पेटीतली बाई म्हणाली. आणि मग काकांनी मूठच आपटली, तशी ती बिचारी एका दमात पाणी, दुखतंय, जेवण असे काहीबाही बोलून गप्प झाली.

त्यांना चहा हवा होता. हे काकूंना कळेपर्यंत काकांनी तोंड भिंतीकडे फिरवले होते. केलेला चहा तसाच निवला.

या माणसाने जन्मभर बोलण्याचीच नोकरी केली होती. बसस्थानकावरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून ते गाड्या पुकारत. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कुणाचे मूल हरवून चौकशीच्या टेबलाशी रडत बसले आहे, हे सगळे त्यांच्या तोंडून गावाला कळे. लोक त्यांना ‘भोंगा’ म्हणत आणि ते त्यांना आवडे. मायक्रोफोनसमोर त्यांचा आवाज असा काही लोण्यासारखा व्हायचा, की उशिरा येणाऱ्या गाडीचाही कुणाला राग येत नसे. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” हे ‘कृपया’ मात्र ते कामावरच ठेवून येत. घरात सगळा हुकूम. ताट वाढ. दिवा मालव. कार्टं कुठे गेलंय?

मुलगा लहान असताना एकदा जेवताना म्हणाला होता, “बाबा, घरातल्या प्रवाशांनापण कृपया म्हणा ना.” काका हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर-कंडक्टरांना बोलावून बोलावून तो विनोद सांगत सुटले. हे काकूंना तिसऱ्याच माणसाकडून समजले, आणि त्यांनी ते मुलाला सांगितले. मुलाला ते खरे वाटले नाही.

त्याचे कारणही तसेच होते. त्या घरात बाप बोलायचा आणि आई त्या बोलण्याला आतून मऊ अस्तर लावून ते मुलापर्यंत पोचवायची. “गाढव म्हणाले ना, ते लाडानं रे.” “मार्क बघून काही बोलले नाहीत म्हणजे खूश आहेत.” मुलगा मोठा होत गेला तसे त्याला अस्तराखालचे खरखरीत कापड बोटांना कळू लागले. नोकरीसाठी दूरच्या शहरात जायला निघाला, त्या दिवशी काका वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “जायचं तर जा. गाडी कुणासाठी थांबत नसते.” काकू बॅगेमागे दारापर्यंत गेल्या आणि कुजबुजल्या, “जपून जा, असं म्हणायचंय त्यांना.”

“आई,” मुलगा म्हणाला, “ते जे म्हणाले ते मला ऐकू आलं.”

मग एका सकाळी दाढी करता करता काकांच्या हातातून वस्तरा पडला. शरीराची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. समजत सगळे होते, पण जिभेवर शब्द येत नव्हता. लिहायला घेतले तर पेन्सिल नुसतीच कागदावर फिरायची.

हॉस्पिटलात एक डॉक्टरीण होती, गेलेली वाचा परत आणणारी. तिने तिच्या जुन्या, फुगीर पाठीच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटचे एक पान उघडले. त्या पानात एक खिडकी, खिडकीत चित्रांची घरे. पेल्याचे चित्र दाबले की आतली बाई म्हणे, “पाणी.” बोलावणारा हात दाबला की, “ये.” दारातून बाहेर पडणारा माणूस दाबला की, “जा.” शेजारी उभा तळवा, तो “थांब.” कुणा भल्या माणसाने फार पूर्वी हे असल्या रुग्णांसाठी फुकट बनवून ठेवले होते. काका रोज तिथे जात आणि हळूहळू त्या घरांतून हिंडायला शिकले.

“एक लक्षात ठेवा,” डॉक्टरीण काकूंना म्हणाली होती. “ते चित्र बघून दाबत नाहीत, जागेवर दाबतात. तुम्ही मशीनवर बसलात की चाक कुठंय ते बघता का? हात आपोआप जातो ना? तसंच. तेव्हा ह्या जागा बदलू नका. परत परत शिकायची ताकद नसते त्यांच्यात.”

मुलाला हे फोनवर कळले तेव्हा त्याने घरी एक मोठा पडदा धाडला. हात लावला की चालणारा, आरशासारखा लखलखीत, घरातल्या दारापेक्षा थोडाच लहान. तो भिंतीशी उभा करून, जोडून, पान उघडले. एवढ्या थोरल्या काचेच्या मधोमध ती खिडकी काडेपेटीएवढी दिसत होती. त्यात ती सगळी घरे. काकांचे एक बोट चार घरांवर बसे. मग चहा मागावा तर संडास, आणि हो म्हणावे तर नाही.

“कसा आहे पडदा?” मुलाने विचारले.

“फार छान,” काकू म्हणाल्या. “छान चाललंय त्यांचं.”

* * *

गल्लीतला केबलवाला हा सगळ्यांच्या टीव्हीचा, फोनचा आणि हल्ली कॉम्प्युटरचाही वैद्य होता. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, तोंडाने सदा चालू.

“ओळखलंत का काका? लहानपणी तुमच्या जाळीला नाक लावून उभा राहायचो. तुम्ही हाकलायचात, तेपण भोंग्यावरून! ‘जाळीपाशी उभ्या असलेल्या शेंबड्या प्रवाशानं कृपया...’”

काकांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

केबलवाल्याने आधी पान मोठे केले. पानावरची अक्षरे भोपळ्यासारखी फुगली, खिडकी होती तेवढीच राहिली. आणखी मोठे केले. एकेक अक्षर वीतभर झाले. खिडकी तेवढीच.

“ही पानाचा भाग नाहीच काकू. वेगळी बनवून पानात बसवलीय.”

“ठिगळासारखी.”

“ठिगळच म्हणा. कापड ताणलं तरी ठिगळ तेवढंच. बनवणाऱ्यानं ठरवून टाकलं, एवढे ठिपके रुंद, एवढे ठिपके उंच. तेव्हाच्या पडद्यांचे ठिपके जाड होते, त्यामुळं खिडकी भरून दिसायची. तुमच्या ह्या पडद्याचे ठिपके धुळीसारखे बारीक. जितका पडदा भारी, तितकी खिडकी लहान.”

“म्हणजे गोणपाटावर तळहाताएवढं होणारं फूल तेवढ्याच टाक्यांत मलमलीवर काढलं, तर नखाएवढं होतं. तसं.”

केबलवाला त्यांच्याकडे वळला. “तुम्ही माझ्या दुकानात बसा काकू. मी मशीन चालवतो.”

“नको. माझ्या गिऱ्हाइकांचे दोन्ही पाय पायजम्याच्या एकाच पायात जातील.”

त्याने पडद्याचे ठिपकेच जाड करून पाहिले, तर पडदा काळा पडला आणि तो पुन्हा उजळेपर्यंत दोघे जागचे हलले नाहीत. बनवणाऱ्याचा पत्ता पानाच्या तळाशी होता, त्यावर संदेश धाडला. तो जसाच्या तसा परत आला. मग केबलवाला खाली बसून, जीभ दातांत धरून, कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत राहिला. बराच वेळ. आणि एकदम ती खिडकी जवळजवळ काचभर पसरली, कडेला काळी पट्टी तेवढी उरली. पेला खऱ्या पेल्याएवढा झाला. चित्रांच्या कडा जरा फुटल्यासारख्या दिसत होत्या, पण आंधळ्यालाही दिसतील एवढी ती मोठी होती. काका खुर्चीत पुढे सरकले.

“घ्या काका. दाबा पाणी.”

काकांनी पेल्यावर बोट ठेवले.

“चहा,” पेटीतली बाई म्हणाली.

केबलवाल्याने स्वतः दाबून पाहिले. पेला दाबला की चहा. चहाची कपबशी दाबली की तिच्या पलीकडचे संडास. ‘जा’ दाबले की ‘थांब’. दरवेळी उजवीकडचे घर बोलत होते. त्याने डोके खाजवले, परत काही लिहिले, परत दाबले. खिडकी गेली, आली, आक्रसली, पसरली. बोलणे मात्र एक घर सरकलेलेच राहिले.

“चित्र वर आलं, पण त्याखालची दाबायची जागा डावीकडं सरकून बसलीय.”

“अस्तर सरकलंय,” काकू म्हणाल्या. “वरचं कापड नीट बसलं आणि आतलं अस्तर फिरलं की असंच होतं. हात खिशात घालावा तर खिसा पाठीवर.”

“उसवून परत शिवू?”

“उसवताना फाटलं तर? राहू दे. एक घर डावीकडे दाबू आम्ही.”

“आणि हे ओळीतलं पहिलं घर? पाण्याच्या डावीकडं तर काहीच नाही. काळी पट्टी आहे नुसती.”

काकूंनी काकांचे बोट धरले आणि चित्रांच्या बाहेर, काचेच्या रिकाम्या काळ्या पट्टीवर टेकवले.

“पाणी,” पेटीतली बाई स्वच्छ आवाजात म्हणाली.

काका आधी पडद्याकडे आणि मग काकूंकडे बघत राहिले. डावीकडे कुठे कुणी नव्हतेच, आणि तिथून पाणी आले होते.

* * *

दुसऱ्यांदा शिकणे जड गेले. डॉक्टरीण म्हणाली होती ते खरे होते. काकू मशीन सोडून त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसत आणि बोट धरून फिरवत. काका चिडत, रडत, पडद्याकडे पाठ करून बसत. पण मग एके दिवशी रोजच्या जिन्यावर पाय आपोआप पडावा तसे त्यांचे बोट पडू लागले. सगळे एक घर डावीकडे. काही दिवसांनी तेच सरळ झाले. काकूंनाही ती सवय अंगात मुरली. नुसत्या बोटाकडे पाहून, पेटीतली बाई बोलायच्या आधीच, त्या चहाला उठत.

सगळ्यात खालच्या ओळीत ‘ये’ होते, पहिल्याच घरात. म्हणजे काळ्या पट्टीवर. बाहेरच्या खोलीत मशीन चालवताना काकूंना हाक ऐकू येई, “ये.” त्या आत जात. काकांचे बोट मग दारातून बाहेर पडणाऱ्या माणसावर जाई, ‘जा’च्या चित्रावर. आणि पेटीतली बाई म्हणे, “थांब.”

पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा काकूंना वाटले, बोट चुकले. “काय हवंय?” त्यांनी विचारले. काकांना काही नको होते. त्यांनी बोट उचलून परत त्याच जागी ठेवले. “थांब.” काकू स्टुलावर बसल्या. दोघे तसेच बसून राहिले. बाहेर अर्धा शिवलेला परकर मशीनखाली अडकून होता.

लग्नाला एवढी वर्षे झाली, पण हा शब्द त्या माणसाच्या तोंडून काकूंनी कधी ऐकला नव्हता. आता तो रोज ऐकू येई, तोही दुसऱ्या बाईच्या तोंडून. “सवत बरी मिळाली मला,” त्या म्हणत. काकांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसे.

फोनवर मुलगा विचारी, “बाबा काय म्हणतात?”

“तुझी आठवण काढतात.”

“आई,” मुलगा हसून म्हणे, “ती कुठल्या चित्रावर बोट ठेवून काढतात?”

अस्तर सरकल्याची गोष्ट काकूंनी त्याला सांगितली नव्हती. एवढ्या हौसेने पाठवलेला पडदा, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचे. चाललेय ना, मग झाले.

मुलगा आला तो एका सकाळी, अचानक. रात्रीच्या गाडीने परत जायचे होते. काकांनी त्याला पाहिले आणि त्यांचे बोट काळ्या पट्टीवर गेले. “ये,” पेटीतली बाई म्हणाली. मुलगा जवळ गेला, पण त्याची नजर बापाच्या बोटावर होती.

“रिकाम्या जागेवर दाबतायत ते.”

“सवय आहे त्यांची,” काकू घाईघाईने म्हणाल्या. “छान चाललंय. तू आधी चहा घे.”

दुपारी शिवून झालेले कपडे दुकानात पोचवायचे होते. मुलगा म्हणाला, “जा तू. मी बसतो बाबांजवळ.” काकूंना बरे वाटले. दोघे कधी नव्हे ते एका खोलीत बसतील. दुकानदाराने बटणांवरून वाद घातला, म्हणून परतायला उशीर झाला. गल्लीच्या तोंडाशी आल्या तर मुलगा समोरून येत होता, खांद्याला बॅग.

“अरे? गाडी तर रात्रीची ना?”

“आधीची मिळतेय.”

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काकूंनी पिशवी खाली ठेवली. “काय झालं?”

“काही नाही. विचारलं त्यांना, बाबा, रजा वाढवतो, राहू का आठवडाभर? राहू की जाऊ?” तो हसायला गेला, पण ते जमले नाही. “जा म्हणाले.”

“चुकून दाबलं असेल रे.”

“एकदा? दोनदा? मी परत परत विचारलं. डोळे वटारून, मान झटकून, एकसारखं जा, जा, जा. हात धरायला गेलो तर हात झिडकारला. आणि आई, आता चुकायला जागाच नाही. मी सगळं सरळ करून दिलंय.”

“सरळ? काय सरळ?”

“पडद्यावरचं. कुणी काय करून ठेवलं होतं देव जाणे. दाबावं एक, बोलावं दुसरं. तुला सरप्राइज म्हणून सगळं काढून टाकलं, तीच चित्रं घेऊन नवी खिडकी केली. आता ज्याच्यावर बोट, तेच बोलणार.” त्याने वाकून नमस्कार केला. “येतो. त्यांना जप. तुलाही.”

तो रिक्षात बसला, ती वळून गेली तरी काकू उभ्या होत्या. सरळ केले म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात अजून शिरत नव्हते. शिरले ते आतल्या खोलीत पाऊल टाकल्यावर.

चित्रे झळझळीत दिसत होती, कडा सुरीने कापल्यासारख्या. आणि काकांचे बोट डावीकडे, सगळ्यात खाली, काळ्या पट्टीवर होते. ते दाबत होते. उचलत होते आणि परत दाबत होते. पेटीतली बाई काही बोलत नव्हती. त्यांच्या गालावरून पाणी ओघळून सदऱ्याच्या कॉलरीत जात होते. काकूंना पाहताच त्यांचे बोट उजवीकडे सरकले आणि दारातून बाहेर पडणाऱ्या माणसावर, नेहमीच्या जागी, आले.

“जा,” पेटीतली बाई म्हणाली.

काकूंनी मुलाला फोन लावला.

त्याने लगेच उचलला. मागे गाडीची घरघर ऐकू येत होती.

“बाळा, ऐक. ते थांब म्हणत होते. जा नाही. आमचं एक घर डावीकडं होतं. तू सरळ केलंस ना, म्हणून ते जा झालं. त्यांना वाटत होतं, आपण थांबच म्हणतोय.”



“आई,” मुलगा म्हणाला, अगदी प्रेमाने, “तू दमत नाहीस का गं?”

“अरे, खरं सांगते.”

“मी काही रागावलो नाही. खरंच. लहान होतो तेव्हा तुझ्या ह्या अशा बोलण्यावर मी झोपायचो. आता मोठा झालोय. तू छान चाललंय म्हणालीस. ते तसं नव्हतं, हे मी सकाळीच पाहिलं. जाऊ दे. जेवून घे.”

“मग ते परत वाकडं करून दे.”

“वाकडं कसं करून देणार? काढून टाकलं ते.”

दुसऱ्या दिवशी केबलवाला आला. त्याने खूप खटपट केली. तो आपला मुद्दाम चुका करून बघत होता आणि दरवेळी वेगळीच चूक होत होती. शेवटी हात पुसत उभा राहिला.

“बरोबर करता येतं काकू. तीच चूक परत करता येत नाही. तेव्हाही माझ्याकडून झाली होती, मी केली नव्हती.”

काकू काकांचे बोट धरून तिसऱ्यांदा शिकवायला बसल्या. बोट पेल्यावर नेले की काका ते काढून काळ्या पट्टीवर ठेवत. परत नेले की परत काढत. रागाने नाही. घर विसरलेल्या माणसाला कुणी दार दाखवत असावे आणि त्याने मान हलवून सांगावे, हे नव्हे, तसे. पेटीतली बाई मात्र प्रत्येक वेळी भलतेच बोलायची, आणि ते ऐकून काका दचकत. आपल्याच तोंडातून शिवी निघावी तसे दचकत.

म्हणून एके दिवशी काकूंनी पडद्याचा आवाज बंद केला.

त्यानंतर सोपे गेले. काकूंनी मशीन आतल्या खोलीत आणून घेतले, काकांचे बोट दिसेल असे. बोट काळ्या पट्टीवर वर गेले की पाणी. कपबशीच्या डावीकडे गेले की चहा. पट्टीवर खाली गेले की जवळ जायचे. आणि दारातून बाहेर पडणाऱ्या माणसावर गेले, की मशीन थांबवून स्टुलावर बसायचे. बाहेरून कुणी पाहिले असते तर म्हटले असते, म्हातारा बाईला घालवतोय आणि ही कोडगी हलत नाही.

मुलगा फोन करायचा, औषधांची चौकशी करायचा, दर वेळी मायेने बोलायचा. ‘थांब’बद्दल काकूंनी आणखी दोनदा सांगून पाहिले. तो “हो आई” म्हणाला. त्या ‘हो’ला लावलेले अस्तर काकूंना लगेच ओळखू आले. ते त्यांच्याच हातचे होते.

काका गेले ते झोपेत.

* * *

आलेली माणसे पांगली. मुलगा राहिला होता. निघण्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, “तो पडदा हॉस्पिटलात देऊ या का? त्या डॉक्टरीणबाईंना. कुणाच्यातरी उपयोगी पडेल.”

“दे की,” काकू म्हणाल्या. त्या काकांचे सदरे उसवत होत्या. बाह्यांच्या पिशव्या होतील, पाठीचे कापड अस्तराला.

तो ओले फडके घेऊन आतल्या खोलीत गेला. दुपार कलली होती, आणि खिडकीतून तिरपे ऊन बंद पडद्यावर पडले होते. फडक्याचा आवाज येईना. काकूंनी वाट पाहिली. मग मान वर केली.

मुलगा पडद्यासमोर बापाच्या खुर्चीत बसला होता. फडके मांडीवर तसेच होते. काळ्या काचेवर तिरप्या उन्हात बोटांचे डाग उठले होते, तेलकट, एकावर एक बसून पांढुरके झालेले. त्याने पडदा लावला. चित्रे उजळली आणि डागांच्या जागा कळल्या. दारातून बाहेर पडणाऱ्या माणसावर सगळ्यात दाट डाग होता, चित्र पुसट दिसावे इतका. शेजारच्या उभ्या तळव्यावर एकही नव्हता. ती काच नव्यासारखी होती. आणि डावीकडे, जिथे काहीच नव्हते त्या काळ्या पट्टीवर, वरपासून खालपर्यंत डाग होते, ओळीने, एकेका घरासमोर एकेक.

मुलगा त्या डागांकडे बघत राहिला. फडके मांडीवरून घसरून जमिनीवर पडले. मग त्याने हात उचलला, आणि पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या डागावर बेताने आपले बोट ठेवले.

पेटीतली बाई बोलली नाही. पडद्याचा आवाज बंदच होता.

काकूंनी सदरा बाजूला ठेवला, त्या उठून आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.